ओढ्याचें पाणी किती व त्याचें बळ किती ?

प्रकाशा येथें गोमाई नदी तापीस मिळते. सातपुड्यांत उगम पावून शहाद्यावरून वाहत आलेली ही लहान नदी येथें मोठ्या नदीच्या पात्रांत आपलें नांव सोडते. गेल्या वर्षीं आश्विन महिन्यांत आम्ही नववीच्या मुलांस घेऊन या संगमावर गेलों होतों. भूगोलाचा पाठ चालला होता. तापीची लांबी 724 किलोमीटर, उगम मध्यप्रदेशांतील बैतूल जिल्ह्यांत मुलताईपाशीं, शेवट सुरतेपुढें अरबी समुद्रांत, असें आम्ही सांगत असतां अक्राणी तालुक्यांतून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आमच्याकडे बिलगांवास लहानशा नदीच्या पाण्यावर लोकांनीं विजेचे दिवे लावले होते, असें आजोबा सांगतात. मग एवढ्या मोठ्या तापीच्या घाटावर तसें यंत्र कां बसवीत नाहींत ?”

प्रश्न सरळ होता. परंतु त्याचें सरळ उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें वर्षभर मुलांनीं व आम्हीं मिळून या विषयाचा जो अभ्यास केला तो येथें मांडीत आहों. त्यांत आमची स्वतःची एक चूकही आली आहे. ती लपविण्याचें कारण नाहीं, कारण खरा धडा तिच्यापासूनच मिळाला.

पाणी कसें वाहतें

पाणी उताराकडे जातें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु उतारावरून जातांना त्याचा वेग सारखा वाढत कां जात नाहीं, याचा विचार फार थोडे लोक करतात. मुलताई समुद्रसपाटीपासून सुमारें 750 मीटर उंच आहे. हवेचा अडथळा नसेल व एखादा धोंडा तितक्या उंचीवरून खालीं पडेल, तर भूमीस टेकतांना त्याचा वेग सेकंदास सुमारें 120 मीटर, म्हणजे तासास चारशें किलोमीटरांहून अधिक होईल. तापीचें पाणी तेवढीच उंची उतरून समुद्रास मिळतें. पण हिवाळ्यांत घाटावर उभें राहून पाहिलें तर तें चालत्या माणसाच्याही मागें पडतें. मग उंचीपासून मिळालेली शक्ति गेली कोठें ?

ती वाटेंतच खर्च झाली. तळाचे गोटे, कांठाची माती, पात्रांतील झुडपें यांच्याशीं पाणी घासतें. भोंवरे उत्पन्न होतात. पाण्याचा एक थर दुसऱ्या थरास मागें ओढतो. वाळू व गाळ पुढें ढकलण्यांत कांहीं शक्ति जाते. परंतु बहुतेक सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें पाण्यांतच मुरते. ही उष्णता इतकी अल्प असते कीं ती हातास कळत नाहीं. आठ मीटर उंचीवरून पडलेलें पाणी त्यामुळें एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेंही तापत नाहीं.

या घर्षणामुळेंच पात्राच्या निरनिराळ्या भागांत वेग निरनिराळा असतो. तळाशीं व कांठांशीं पाणी मंद असतें. मध्यभागीं, पृष्ठभागाजवळ, तें सर्वांत वेगवान असतें. वांकणावर बाहेरच्या कांठाकडे वेग अधिक, म्हणून तो कांठ कातरला जातो, आणि आंतल्या कांठाशीं वाळू सांचते. ही गोष्ट गोमाईच्या कांठानें थोडें चाललें तरी कोणासही पाहतां येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जेथें पात्र अरुंद व उथळ असतें तेथें पाणी धांवतें. जेथें डोह असतो तेथें तें थांबल्यासारखें दिसतें. परंतु वाटेंत कोठें नवें पाणी मिळालें नाहीं व असलेलें निघून गेलें नाहीं, तर दोन्ही ठिकाणांहून एका सेकंदांत जाणारें पाणी सारखेंच असतें. खळखळाट ऐकून पाणी फार आहे, किंवा शांत डोह पाहून पाणी थोडें आहे, असा ग्रह करून घेऊं नये. पाणी कानांनीं किंवा डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं.

पाणी मोजण्याची रीत

एका सेकंदांत ओढ्यांतून किती पाणी जातें हें काढावयाचें तर दोन गोष्टी लागतात : पाण्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ आणि पाण्याचा सरासरी वेग. या दोहोंचा गुणाकार म्हणजेच प्रवाह. यासाठीं दोरी, मीटरच्या खुणा केलेली कांठी व सेकंदकांटा असलेलें घड्याळ एवढें साहित्य पुरे.

संगमावरील पाठानंतरच्या शनिवारीं आम्ही शहाद्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका नाल्यावर गेलों. हिशेब समजण्यास सोपा व्हावा म्हणून पुढील आंकडे थोडे गोल केले आहेत. नाल्याचा सरळ व बऱ्यापैकीं सारख्या रुंदीचा भाग आम्हीं निवडला. तेथें पाण्याची रुंदी दोन मीटर भरली. एका कांठापासून दर अर्ध्या मीटरावर कांठी उभी धरून खोली मोजली, ती अनुक्रमें 20, 30 व 20 सेंटीमीटर निघाली. प्रत्येक खोली अर्ध्या मीटर रुंदीच्या पट्ट्याची धरली म्हणजे तीन पट्ट्यांचीं क्षेत्रफळें 0.10, 0.15 व 0.10 चौरस मीटर होतात, बेरीज 0.35 चौरस मीटर.

नंतर वेग. दहा मीटर अंतरावर दोन दोऱ्या आडव्या बांधल्या. प्रथम मुलांनीं एक वाळकी काटकी पाण्यांत टाकली. ती वाऱ्यानें भलतीकडे गेली व एका गोट्यास अडकली. मग एका लहान बाटलींत तीनचतुर्थांश पाणी भरून, झांकण घट्ट लावून ती सोडली. ती बरीचशी बुडून तरंगत असल्यामुळें तिच्यावर वाऱ्याचा जोर चालला नाहीं. पांच वेळां सोडून पाहिली. दहा मीटर जाण्यास सरासरी 20 सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदास अर्धा मीटर.

परंतु हा वेग मध्यभागींच्या वरच्या पाण्याचा झाला. तळाचें व कांठाचें पाणी मंद असतें हें वर सांगितलेंच आहे. म्हणून सरासरी वेग काढण्यासाठीं या आंकड्यास एका अपूर्णांकानें गुणावें लागतें. खोल व गुळगुळीत पाटांत हा गुणक सुमारें 0.85 धरतात, उथळ व गोटाळ ओढ्यांत 0.7 किंवा त्याहूनही कमी. आम्हीं 0.7 धरला. तेव्हां सरासरी वेग 0.35 मीटर, आणि प्रवाह 0.35 गुणिलें 0.35, म्हणजे सुमारें 0.122 घनमीटर, अर्थात् दर सेकंदास 122 लिटर पाणी.

ओढा फारच लहान असेल तर याहून सोपी व बिनचूक रीत आहे. सर्व पाणी एका पन्हळींतून बादलींत पडेल असें करावें व बादली किती सेकंदांत भरते तें पाहावें.

बळाचा हिशेब

एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. तें एक मीटर खालीं उतरलें म्हणजे 9.8 ज्यूल शक्ति मोकळी होते. दर सेकंदास एक ज्यूल यासच एक वॅट म्हणतात. म्हणून नियम असा : सेकंदास जितके लिटर, त्यास जितके मीटर उंची तितक्यांनीं गुणावें, आणि येणाऱ्या संख्येस 9.8 नें गुणावें. उत्तर वॅटमध्यें येतें.

आमचा नाला थोड्याच पावलांच्या अंतरांत एका खडकावरून खालीं उतरतो. गवंडी लेव्हल पाहण्यासाठीं जी पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी वापरतात तिच्या साहाय्यानें आम्हीं उंची टप्प्याटप्प्यानें मोजली. ती आठ मीटर भरली. 122 गुणिलें 8 गुणिलें 9.8, म्हणजे सुमारें साडेनऊ हजार वॅट. नळांतील घर्षण, चक्र, जनित्र व तारा यांत पुष्कळ नाश होतो. लहान यंत्रांत सुमारें निम्मी शक्तिच हातीं लागते असें धरून चालावें. तरी पावणेपांच हजार वॅट राहिले. नऊ वॅटचे पांचशेंहून अधिक दिवे त्यावर लागतील !

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. बळ हा प्रवाह व उंची यांचा गुणाकार आहे. दोहोंपैकीं एक जरी शून्याजवळ असेल तरी दुसरें कितीही मोठें असून उपयोग थोडा. तापी 724 किलोमीटरांत सुमारें 750 मीटर उतरते. म्हणजे सरासरीनें किलोमीटरास एक मीटर. त्यांतही मोठा उतार वरच्या डोंगराळ भागांत आहे. आपल्याकडील सपाटींत तो याहून कमी. आमच्या नाल्यास जी आठ मीटर उंची थोड्याच पावलांत मिळते, ती तापीवर मिळविण्यासाठीं आठ किलोमीटरांहून लांब कालवा खणावा लागेल. नुसत्या वाहत्या पाण्यांत चक्र ठेवावें म्हटलें तर, पाणी सेकंदास अर्धा मीटर वेगानें जात असतां एक चौरस मीटर तोंडाच्या चक्रासमोर अवघी 62 वॅट शक्ति येते. आणि मोकळ्या प्रवाहांतील कोणतेंही चक्र तिच्यांतील शेंकडा 59 हून अधिक घेऊंच शकत नाहीं.

सपाटीवरील नदीस उंची हवी असेल तर ती मनुष्यानें बांधावी लागते. तापीवरच खालीं गुजराथेंत उकाईचें धरण 1972 सालीं पुरें झालें; तेथें 75 मेगावॅटचीं चार यंत्रें, मिळून 300 मेगावॅटचीं, आहेत. परंतु त्या उंचीसाठीं पुष्कळ गांवें पाण्याखालीं गेलीं. उलट, सह्याद्रींत निसर्गानेंच उंची दिली आहे. खोपोलीचें टाटांचें वीजगृह 1915 सालीं सुरू झालें. तेथें घाटमाथ्यावरच्या तलावांचें पाणी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं उतरतें. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या.

आमची चूक

नाल्यावरून परत आल्यावर आम्हीं “पांचशें दिवे” हा आंकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. मुलें हर्षित झालीं. त्या नाल्याजवळच्या पाड्यावरील एक विद्यार्थी आमच्या शाळेंत आहे. त्याच्यामार्फत ही वार्ता पाड्यावर गेली. वर्गांत एकटा तो अक्राणीचा मुलगा गप्प होता. विचारल्यावर म्हणाला, “गुरुजी, असले नाले होळीला आटतात.” गणित केल्यावर शंका घेऊं नये, असें कांहींसें उत्तर आम्हीं त्यास दिलें.

चैत्राच्या अखेरीस आम्ही पुन्हां तेथें गेलों. बाटली सोडण्याजोगें पाणी नव्हतेंच. गोट्यांमधून झिरपणारें पाणी पन्हळींतून बादलींत घेतलें; दहा लिटरची बादली पांच सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदास दोन लिटर. आठ मीटरांचा हिशेब केला तर 157 वॅट. निम्मे धरले तर 78. पांचशें दिव्यांचे आठ दिवे राहिले.

पाड्यावरील एक वृद्ध शेतकरी आम्हांस भेटावयास आले. दिवे केव्हां लागणार असें त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हांस मान खालीं घालावी लागली. ते मुळींच रागावले नाहींत. त्यांनीं आम्हांस कड्याजवळच्या एका झाडाच्या बुंध्यावरील खूण दाखविली. श्रावणांतील पुराचें पाणी तेथपर्यंत चढतें. ती खूण आमच्या डोक्याच्या वर होती. मग वैशाखांतही ज्या खडकाखालीं पाणी राहतें तो खडक दाखविला. जी माहिती गोळा करण्यास आम्हांस वर्ष लागलें असतें ती त्यांनीं पाऊण तासांत दिली. मात्र आम्हीं आश्विनांत ती विचारली नव्हती.

आपल्या भागांत बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर ओढ्यांत जें पाणी दिसतें तें आकाशांतून आलेलें नसतें. मातींत व खडकांच्या भेगांत मुरलेलें पाणी हळूहळू बाहेर येत असतें. डोंगरावर माती व झाडोरा टिकून असेल तर पाणी मुरण्यास अवकाश मिळतो. उघड्या खडकावरचें पाणी पावसाबरोबर धांवून जातें, व पाठीमागें कोरडें पात्र राहतें. म्हणून ओढ्याचें बळ त्याच्या उत्तम दिवसावरून ठरवूं नये. यंत्र उन्हाळ्यांतील पाण्यावर बेतावें, किंवा वर्षांतील इतकेच महिने वीज मिळेल असें आरंभींच स्पष्ट सांगावें. आणि बंधारा मात्र श्रावणांतील पुरास टिकेल असा बांधावा.

बिलगांवचा दाखला

ज्या बिलगांवाचें नांव त्या मुलानें घेतलें तें आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणी तालुक्यांत आहे. तेथें नर्मदेस मिळणाऱ्या उदई नदीवर धबधबा आहे. केरळांतून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखालीं गांवकऱ्यांनीं श्रमदान केलें, आणि 2003 च्या जानेवारींत तेथें 15 किलोवॅटचें लहान वीजकेंद्र सुरू झालें. ‘स्वदेस’ या 2004 सालच्या हिंदी चित्रपटांत गांवकरी पाण्यावर वीज करतात असा जो प्रसंग आहे, त्याचा संबंध या प्रयोगाशीं जोडला जातो.

अशा केंद्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. वरच्या अंगास लहान बंधारा घालून पाणी अडवितात. तें पाटानें जवळजवळ सपाटींत पुढें नेतात. एका टाकींत गाळ बसूं देतात व पालापाचोळा जाळीनें अडवितात. मग उतरत्या नळांतून तें जोरानें खालीं चक्रावर सोडतात. चक्र जनित्रास फिरवितें, आणि पाणी पुन्हां नदीस मिळतें. पाण्याचा नाश होत नाहीं. त्याची उंची मात्र आपण वापरतों. वर सांगितल्याप्रमाणें नैसर्गिक पात्रांत जी शक्ति गोटे व भोंवरे खाऊन टाकतात, तीच नळांत कोंडून चक्रापर्यंत पोहोंचवावयाची, एवढाच यांतील मुद्दा आहे. बंधारा व पाट हीं तर आपल्या पूर्वजांची जुनी विद्या होय. खानदेशांत पांझरा नदीवर फड पद्धतीचे बंधारे शेंकडों वर्षांपासून आहेत. आणि नर्मदेपलीकडे अलिराजपूर भागांतील भिल्ल शेतकरी डोंगराच्या कडेकडेनें पाट काढून नाल्याचें पाणी शेतास नेत आले आहेत.

बिलगांवचें केंद्र फार वर्षें राहिलें नाहीं. खालीं सरदार सरोवराचें धरण वाढत होतें. 2006 सालच्या पावसाळ्यांत नर्मदेचें चढलेलें पाणी त्या केंद्रावर आलें व तें नष्ट झालें. मोठ्या धरणामुळें दूरच्या कोरड्या मुलखास पाणी मिळालें, व त्याच्या पाण्यानें महाराष्ट्रांतील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या 33 गांवांवर संकट आलें. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि विद्यार्थ्यांनीं दोन्ही जाणून घ्याव्या. ज्यांनीं दगड डोक्यावर वाहून दिवे लावले त्यांस ते विझलेले पाहावे लागले, ही गोष्ट हिशेबाच्या वहींत कोणत्या रकान्यांत लिहावी हें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु ती लिहिल्यावांचून वही पुरी होत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें

प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवाजवळच्या एखाद्या ओढ्याची वही ठेवावी. महिन्यांतून एक दिवस ठरवून, पावसाळा सोडून इतर महिन्यांत, एकाच ठिकाणीं प्रवाह मोजावा. तारीख, पाण्याची रुंदी, तिन्ही खोल्या, बाटलीस लागलेले सेकंद व हवेची स्थिति लिहावी. पाणी आटलें तर “आटलें” असेंच लिहावें. तो आंकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. गुडघ्याच्या वर पाणी असेल तेथें उतरूं नये. पुराचें पाणी दूर उभें राहूनच पाहावें, व दुसऱ्या दिवशीं कांठावरील ओल पाहून त्याची उंची टिपावी. प्रकाशा येथें तापीवर आतां बॅरेज आहे. दरवाजे उघडतांच पाणी अकस्मात् वाढतें, म्हणून तेथें मोजमापाचा प्रयोग कोणींही करूं नये.

पालकांस आमची एक विनंति आहे. नाला कोणत्या सणास आटतो, कोणत्या सालीं पूर कोठवर आला, पूर्वीं पाणी किती महिने राहत असे, हें आपणांस ठाऊक आहे; तें आपल्या मुलांस सांगावें व त्यांच्याकडून लिहून घ्यावें. शाळेंतील सूत्र आणि आपली आठवण हीं दोन्ही एका पानावर आलीं तरच हिशेब बरोबर येतो.

त्या अक्राणीच्या मुलानें आपली वही मार्गशीर्षांत सुरू केली. सुटींत घरीं गेला कीं तो गांवाजवळचा ओढा मोजतो, आणि तो घरीं नसतो त्या महिन्यांत त्याचे आजोबा बादली लावून सेकंद मोजण्याचें काम धाकट्या नातीकडून करवून घेतात. वैशाखाच्या पानावर प्रवाह लिहिला आहे : सेकंदास सहा लिटर. तेथें उंची किती मिळेल हें त्यानें अद्याप मोजलेलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत मोजणार आहे. त्यासाठीं शाळेची पारदर्शक नळी त्यास देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.